छोट्या सरकारी युनिव्हर्सिटीचा इतिहास कसा समजून घ्यायचा

नुसतं स्थापनेचं वर्ष पाठ करून काही कळत नाही, आधी तिची जुनी नावं शोधा. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलची ट्रूमन स्टेट घ्या. १८६७ ला जोसेफ बाल्डविन यांनी शिक्षक घडवायला नॉर्मल स्कूल म्हणून सुरू केली, पुढे टीचर्स कॉलेज झालं, मग नॉर्थईस्ट मिझुरी स्टेट युनिव्हर्सिटी आणि १९९६ पासून आत्ताचं नाव. बहुतेक वेळा नाव बदललं म्हणजे कामही बदललेलं असतं.

मग कायदा वाचा, कंटाळा आला तरी वाचाच, कारण सरकारी युनिव्हर्सिटीने नेमकं काय करायचं ते तिथेच असतं. ट्रूमनवर १९८५ च्या कायद्याने अख्ख्या राज्यासाठी लिबरल आर्ट्स, म्हणजे एकाच धंद्याचं नाही तर साहित्य, इतिहास, विज्ञान असं सर्वांगीण शिक्षण, द्यायची जबाबदारी टाकली.

आणि कॅम्पसवर पायी फिरा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ट्रूमनच्या कॅम्पसवर मधोमध एक खोलगट बाग आहे, आधी ते तळं होतं, १९२४ ला बाल्डविन हॉलला आग लागली तेव्हा विझवायला त्यातलं पाणी उपसलं, तरी इमारत गेलीच, लायब्ररी पण गेली, आणि तो खड्डा बाग म्हणून आजही जपलाय. अशी जागा दिसली की थांबा, जुना फोटो शोधून शेजारी धरून बघा.