उपनगरातला कार्बन डायऑक्साइड मोजताना

एनडीआयआर प्रकारचाच, म्हणजे वायू किती इन्फ्रारेड प्रकाश शोषतो त्यावरून मोजणारा सेन्सर घ्या. स्वस्तातले 'ईसीओटू' सेन्सर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात, इथे ते कुचकामी. जमिनीपासून 3 मीटरवर, सावलीत, खिडक्या-धुराड्यांपासून लांब बसवा. रीडिंग घेताना जवळ उभं राहू नका. उच्छ्वासात जवळपास 40,000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) कार्बन डायऑक्साइड असतो.

स्वयंचलित कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरने आपलं मोजमाप आपोआप जुळवून घेणं, बंद ठेवा. ते साधारण आठवड्यातलं सर्वांत कमी रीडिंग 400 पीपीएम धरतं आणि वस्तीतले आकडे गुपचूप खाली ओढतं.

पहाटे आकडा चढला की लगेच वाहनांवर खापर नको. रात्री झाडं-माती श्वसन करतात, शिवाय जमिनीलगतची थंड हवा वायू कोंडून ठेवते. सोबत कार्बन मोनॉक्साइडही वाढला, तर ज्वलनाचा संशय बळावतो.

वारा जिकडून येतो तिकडे दुसरा सेन्सर हवाच. उत्सर्जनाचा अंदाज दोघांतला फरक आणि वाऱ्याचा वेग यांवरूनच निघतो.