कपाट विकायचंय, नंबर नाही

टेलिफोन खात्यात नोकरी झाली आणि बीएसएनएलच्या २०२० च्या स्वेच्छानिवृत्तीत बाहेर पडलो. आमच्या उमेदीच्या काळात डिरेक्टरीत नाव, पत्ता, नंबर सगळं राजरोस छापलं जायचं, आणि ज्याचं नाव गळायचं तो भांडायला ऑफिसात यायचा. तेव्हा परक्याला नंबर कळला तर फार तर अवेळी घंटी वाजायची. आज मोबाइलच्या दहा आकड्यांवर व्हॉट्सॲप, बँकेचे ओटीपी, आधार, गॅसचं बुकिंग असं सगळं लटकलेलं असतं. म्हणून सोसायटीतलं कुणी "काका, जुना सोफा ओएलएक्सवर टाकून द्या ना" म्हणत आलं, की मी आधी नंबरचं बघतो, सोफ्याचं नंतर.

माझा एकच हट्ट असतो: मागितलं म्हणून काही द्यायचं नाही, लागलं की द्यायचं. चौकशी करणाऱ्याला वस्तूची माहिती लागते, तुमचा नंबर लागत नाही. भाव ठरला की बोलायला नंबर लागतो. माणूस निघाला की पत्ता लागतो. पैसे द्यायच्या वेळी यूपीआय आयडी लागतो. गिऱ्हाईक मात्र हे सगळं पहिल्याच मेसेजात मागतं, आणि आपण भिडेखातर देऊन टाकतो. दहा जण चौकशी करतात, घेतो एक. उरलेल्या नऊ जणांकडे तुमचा नंबर आणि पत्ता कशाला राहायला हवा?

ओएलएक्सवर जाहिरातीत फोन नंबर दाखवायचा की नाही हे तुमच्या हातात असतं. ते बंद ठेवा, ॲपमधलं चॅट पुरतं. फेसबुक मार्केटप्लेसवर बोलणं मेसेंजरवरच होतं, पण तिथे वेगळी गोम आहे. घेणारा तुमच्या नावावर टिचकी मारून थेट प्रोफाइलवर जातो. तिथे नोकरी कुठे, मुलं कुठल्या शाळेत, गेल्या आठवड्यात कुठे फिरायला गेला होता, हे सगळं उघडं असेल तर नंबर लपवून काय उपयोग? जाहिरात टाकण्याआधी मित्रयादी, जन्मतारीख आणि जुन्या पोस्ट फक्त मित्रांपुरत्या करून घ्या. आणि कृपा करून वर्णनात "संपर्क: नव्वद अठ्ठ्याण्णव..." असं अक्षरात लिहू नका. ॲपला चकवल्याचं समाधान मिळतं, पण वाचणारा माणूस तो नंबर वाचतोच.

दुसरं सिम

परदेशात म्हणे ॲपवर तात्पुरते नंबर मिळतात. आपल्याकडे सरळ उपाय म्हणजे दुसरं सिम. जवळपास प्रत्येक फोनला दोन सिमची सोय असते, नाहीतर घरात एखादा जुना फोन पडलेला असतोच. हा नंबर बँकेला द्यायचा नाही, आधारला जोडायचा नाही, नातेवाइकांना सांगायचा नाही. फक्त खरेदी-विक्रीसाठी.

सिम घेतल्यावर लगेच ट्रूकॉलरवर, म्हणजे नंबरावरून माणसाचं नाव दाखवणाऱ्या ॲपवर, तो नंबर टाकून बघा. कंपन्या बंद पडलेले नंबर पुन्हा वाटतात, त्यामुळे तुमच्या नव्या नंबरावर कुणा भलत्याच माणसाचं नाव झळकत असू शकतं. तुमचा जुना नंबरही बघा. लोक आपल्या फोनात आपल्याला ज्या नावाने ठेवतात, ते नाव तिथे पोचलेलं असतं, आणि एखाद्याने आडनावासोबत सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहिला असेल तर तोही. ट्रूकॉलरच्या वेबसाइटवर नंबर यादीतून काढायची सोय आहे. ॲप वापरत असाल तर आधी त्यातलं खातं बंद करावं लागतं, मग नंबर काढता येतो.

आता टेलिफोन खात्यातल्या माणसाचा एक सल्ला. हे दुसरं सिम नको झालं म्हणून रिचार्ज न करता नुसतं सोडून देऊ नका. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. याचाच अर्थ त्यानंतर तो देता येतो. सोडण्याआधी त्या नंबरवरचं व्हॉट्सॲप खातं डिलीट करा, जाहिराती काढा, जिथे लॉगिनला दिला असेल तिथून हटवा. आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, तेही एकदा बघून ठेवा. कधी कधी धक्का बसतो.

व्हॉट्सॲप

सगळ्यात जास्त गळती इथे होते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

खरेदी-विक्रीच्या ग्रुपात तुम्ही असता, तेव्हा ग्रुपातल्या प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो. त्या नंबराखाली तुमचा फोटो. बऱ्याच जणांचा तो नातवाला कडेवर घेतलेला असतो. दुसऱ्या सिमवर वेगळं व्हॉट्सॲप सुरू करा. २०२३ च्या अखेरीपासून अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपात दोन खाती चालतात, किंवा साध्या व्हॉट्सॲपच्या शेजारी व्हॉट्सॲप बिझनेस ठेवता येतं. त्या खात्याला फोटो वस्तूचा लावा. सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन लास्ट सीन, प्रोफाइल फोटो आणि 'मला ग्रुपात कोण घेऊ शकतं' हे तिन्ही ओळखीच्यांपुरतं करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. तो नसेल आणि गोड बोलून कुणी तुमच्याकडून आलेला कोड काढून घेतला, तर खातंच हातचं जातं. "तुम्ही खरे विक्रेते आहात का ते तपासतोय, आलेला कोड सांगा" हे वाक्य ऐकलं की बोलणं तिथेच संपवायचं.

आता जे कुणाच्या ध्यानात येत नाही ते सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी फ्रिज विकताना घेणाऱ्याचा नंबर 'फ्रिजवाला' म्हणून सेव्ह केला. त्यानेही त्यांचा केला. फ्रिज गेला, नंबर राहिला. स्टेटस डीफॉल्टने आपल्या सगळ्या सेव्ह केलेल्या लोकांना जातं, त्यामुळे नंतर वहिनींच्या घरातलं हळदीकुंकू, गावाला निघालेली गाडी, कुलूप लावलेलं दार असं सगळं त्या फ्रिजवाल्याला दिसत होतं. तो बिचारा सज्जन निघाला, शुभेच्छाच पाठवायचा. पण घर बंद आहे ही बातमी आपण कुणाला देतोय? गिऱ्हाइकाचा नंबर सेव्ह करू नका. केला असेल तर काम झाल्यावर काढा.

लोकेशन पाठवायचं झालं तर साधी पिन पाठवा, लाइव्ह लोकेशन कधीच नको. आणि व्यवहार फिसकटला तर पाठवलेली पिन 'सगळ्यांसाठी डिलीट' करा. साधारण अडीच दिवसांपर्यंत ते जमतं.

फोटो काढताना

वस्तूचा फोटो काढून झाला की वस्तूकडे बघू नका, बाकी सगळ्याकडे बघा. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेलं विजेचं बिल. कपाटाच्या आरशात दिसणारा शाळेच्या गणवेशातला मुलगा. स्कूटरची पाटी. जुन्या मोबाइलसोबत दाखवलेल्या खोक्यावरचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, आणि दुकानाच्या पावतीवर छापलेला घरचा पत्ता. पावती आहे एवढं लिहिलं तरी पुरतं. प्रत्यक्ष आल्यावर दाखवा. मागे पांढरी चादर टांगली की निम्मं काम होतं, शिवाय वस्तू उठून दिसते.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग नावाचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. नाहीतर फोटोच्या आतच जागेचे अक्षांश-रेखांश साठवले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ते गळून जातात, पण "क्वालिटी चांगली यावी म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा" म्हणणाऱ्याला तसा पाठवलात तर सगळं जसंच्या तसं जातं.

गाडी विकताना आरसी बुक आणि आधारची झेरॉक्स आधीच व्हॉट्सॲपवर मागतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करायच्या दिवशी कागद लागतात, त्याआधी नाही. आधार द्यायचंच झालं तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा: 'फक्त अमुक गाडीच्या विक्रीसाठी' आणि तारीख.

पैसे घेताना

इथे दुसऱ्या सिमची एक अडचण येते. यूपीआय बँकेत नोंदवलेल्या नंबरावरच चालतं. मग लोक वैतागून म्हणतात, "जाऊ दे, माझ्या मूळ नंबरवर टाका", आणि इतका वेळ झाकलेला नंबर शेवटच्या पायरीवर हातात देतात. तसं करायची गरज नाही. फोनपेवर आपोआप मिळणारा आयडी बहुधा मोबाइल नंबर आणि पुढे ॲट वायबीएल असा असतो. ॲपमध्ये अक्षरांचा वेगळा आयडी बनवता येतो, तो बनवा आणि क्यूआर कोड त्या आयडीचा दाखवा. लक्षात घ्या, क्यूआर म्हणजे तोच आयडी ठिपक्यांत लिहिलेला असतो. नंबरवाल्या आयडीचा क्यूआर जाहिरातीत टाकणं म्हणजे नंबरच टाकणं. गुगल पेचा आयडी ईमेलवरून तयार होतो, तिथे ईमेलमध्ये जन्मसाल वगैरे नाही ना ते बघा. बँकेतलं नाव मात्र समोरच्याला दिसणारच. ते लपत नाही आणि लपवूही नये, त्यालाही खात्री हवी.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. लष्करात आहे, बदली झालीय, सामान न बघताच घेतो म्हणणारा "हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील" असं सांगतो, तो चोर.

माणूस घरी येणार तेव्हा

छोटी वस्तू घरी बोलावून विकूच नका. आम्ही नाशिकचे. कॅनडा कॉर्नरला किंवा सीबीएस बसस्थानकाजवळ एखाद्या गजबजलेल्या, कॅमेरा असलेल्या दुकानासमोर भेटलं की पाच मिनिटांत काम होतं. कपाट, वॉशिंग मशीन यांना इलाज नाही, माणसाला यावंच लागतं. मी असं लिहून पाठवतो: "इंदिरानगर भागात आहे. निघताना फोन करा, मग गेटचं लोकेशन देतो." फ्लॅट नंबर देत नाही, गेटवर घ्यायला मी स्वतः जातो. जमलं तर वस्तू आदल्या दिवशी पार्किंगमध्ये आणून ठेवतो. घरात दुसरं कुणीतरी असेल अशीच वेळ द्यायची. "घरी कोण कोण असतं?" असं विचारणाऱ्याला कपाट नको असतं.

रोजचा धंदा असेल तर

आमची ही उन्हाळ्यात कुरडया, सांडगे आणि काळा मसाला करते, ऑर्डरी मी बघतो. इथे हिशोब वेगळा. जुनं सामान एकदा विकणारा सगळं झाकू शकतो. नेमाने विकणाऱ्याला तसं करता येत नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता द्यावाच लागतो, आणि घरातच बनवत असाल तर तो पत्ता घरचाच. तक्रारीसाठी संपर्कही द्यावा लागतो. यात पळवाट शोधू नका. मात्र तो संपर्क धंद्याचं वेगळं सिम आणि वेगळा ईमेल असू शकतो, मुलीचा किंवा सुनेचा नंबर तिथे नको. दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर ते सिम बंद, हे आम्ही पहिल्यापासून पाळतो. इन्स्टाग्रामवर घराची पिन किंवा गच्चीतून दिसणाऱ्या सोसायटीच्या पाटीचा व्हिडिओ टाकायचीही काही गरज नसते.

आणि एक गोष्ट मला खरंच खटकते. 'आजची पार्सलं निघाली!' म्हणून बायका हौसेने फोटो टाकतात आणि त्यात गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर स्वच्छ वाचता येतात. आपला नंबर जपणाऱ्याने लोकांचाही जपावा. पार्सल पालथं ठेवून फोटो काढा. कुरिअरची पावतीही ग्रुपात न टाकता ज्याची त्याला पाठवा, ट्रॅकिंगचा आकडा तेवढा पुरतो.

नंबर बाहेर गेलाच तर

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे, तो दाखवून घेणाऱ्याला दम देता येईल असं काहींना वाटतं. तो कायदा व्यक्तीने खाजगी, घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही, आणि तुम्ही स्वतःच जगजाहीर केलेल्या माहितीलाही नाही. म्हणजे जाहिरातीत नंबर तुम्हीच छापला असेल तर या कायद्याची ढाल मिळणार नाही.

अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्टार आणि हॅशचा कुठलाही कोड फोनवर दाबला असेल, तर आधी कॉल फॉरवर्डिंग तपासा. स्टार हॅश २१ हॅश दाबलं की तुमचे फोन दुसरीकडे वळवलेत का ते कळतं, आणि हॅश हॅश ००२ हॅश दाबलं की सगळं वळवणं रद्द होतं. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. पैसे गेले नाहीत पण फसवे फोन-मेसेज येताहेत, तर संचार साथीवरच्या 'चक्षू' मध्ये नोंदवा. सामानाच्या निमित्ताने नंबर मिळवून एखादा माणूस बाईला नको म्हटलं तरी पुन्हा पुन्हा मेसेज करत असेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. ब्लॉक करण्याआधी त्या मेसेजांचे स्क्रीनशॉट नंबर आणि वेळ दिसेल असे काढून ठेवा, पोलीस ठाण्यात पहिल्यांदा तेच मागतात. दारात येऊन उभा राहिला, तर पोलिसांना ११२ वर फोन.