गोव्यातल्या म्हार्दोळच्या उकाड्यात डॅनिश पेस्ट्रीची वेणी

डॅनिश पेस्ट्री म्हणजे लोण्याच्या पदरांची, यीस्टवर फुगवलेली गोड पेस्ट्री. मी तिची ही वेणी पहिल्यांदा केली ती एप्रिलमधल्या एका दुपारी, जेवणं आटोपल्यावर. कृती बरोबर होती, मापं बरोबर होती. तरी ट्रे बाहेर काढला तेव्हा वेणी लोण्याच्या थारोळ्यात बसली होती. खालची बाजू तळल्यासारखी कडक, वरची साध्या गोड पावासारखी, आणि पदर एकही सुटलेला नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात 33 अंश होते. लोणी वितळतं साधारण 32 ते 35 अंशांच्या दरम्यान, आणि त्याच्या पुष्कळ आधीच ढिलं पडतं. माझं लोणी लाटता लाटताच पिठात मुरून गेलं होतं. ओव्हनचा त्यात काही दोष नव्हता.

त्यानंतर मी ही वेणी दुपारी कधीच केली नाही. आता घरून ऑर्डरी घेते, चवथीनंतर आणि नाताळात जास्त. एप्रिल-मे मध्ये सरळ नाही म्हणून सांगते. गोव्यात ही पेस्ट्री करायची असेल तर यीस्ट किंवा वेणीची गुंफण या गोष्टी नंतरच्या. आधी लोणी थंड कसं राहील ते बघायचं. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

ज्यांनी चिरोटे केलेत त्यांना यातलं अर्धं आधीच येतं. चिरोट्यात आपण पोळीवर साटा, म्हणजे तूप-पिठाचा लेप, फासतो, पोळ्या एकमेकींवर ठेवतो, गुंडाळतो, लाटतो, आणि तळताना पदर सुटतात. इथे साट्याच्या जागी लोण्याची अख्खी लादी असते. ती पिठात मिसळू द्यायची नाही, पिठाबरोबर पातळ होत गेली पाहिजे. लोण्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि ती वरचा पदर उचलते. म्हणूनच इथे तूप चालत नाही, त्यात पाणी उरलेलंच नसतं. घरी घुसळलेलं लोणीही नको. त्यात पाणी किती राहिलंय याचा नेम नसतो, लाटताना ते फुटतं. बाजारातलं बिनमिठाचं लोणी घ्या. मिठाचंच मिळालं तर पिठात मीठ घालू नका. काही बेकऱ्या पफ मार्जरीन वापरतात, ते उकाड्यात टिकतं खरं, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो. मला तो सहन होत नाही.

दोन वेण्यांचं माप सांगते. मैदा 300 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 6 ग्रॅम, एक अंडं, फ्रिजमधलं थंड दूध 130 मिलिलिटर, पिठात घालायला मऊ लोणी 30 ग्रॅम, आणि लादीसाठी वेगळं 150 ग्रॅम. अर्धा चमचा वेलचीपूड. वेलची मी आपल्या चवीसाठी घातलेली नाही, डेन्मार्कमध्येही या पिठात ती घालतात. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मोजायला वजनकाटाच घ्या, वाटीचं माप इथे दगा देतं. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा धरून बसतो, तेव्हा दोन चमचे दूध मागे ठेवा आणि लागलं तरच घाला.

पीठ आदल्या रात्री मळायचं. सगळं एकत्र करून पाच-सहा मिनिटं, गुळगुळीत होईपर्यंत. पावाच्या पिठासारखं खूप मळू नका, पुढे लाटतानाही ते ताणलं जाणारच आहे, आणि फार चिवट झालं तर लाटलेली पोळी मागे मागे येते. चपटी लादी करून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. गोळा ठेवला तर मध्यभाग गार व्हायला तासन् तास लागतात आणि तोवर यीस्ट आत काम करत राहतं.

लोण्याची लादीही रात्रीच करून ठेवा. दोन बटर पेपरच्या मध्ये 150 ग्रॅम लोणी ठेवून लाटण्याने आधी ठोकायचं, मग लाटायचं. 16 सेंटिमीटरचा चौकोन, जाडी अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जास्त. कडा सरळ हव्यात, कारण कडेला लोणी पोचलं नाही तर तिथे नुसता पाव होतो.

सकाळी मी पावणेपाचला उठते. स्वयंपाकघर तेव्हा दिवसातलं सगळ्यात गार असतं. ओट्याच्या कडप्प्यावर परातीत बर्फ घालून दहा मिनिटं ठेवते, मग परात उचलून ओटा कोरड्या फडक्याने पुसते. थेंबभर पाणी राहिलं तरी पीठ चिकटतं. लोणी फ्रिजमधून काढून पाच मिनिटं बाहेर ठेवते आणि लाटण्यावर आडवं टाकून बघते. वाकलं पाहिजे, पण तुटता कामा नये. बोटाने दाबलं तर खूण उमटावी, बोट आत जाऊ नये. पीठही दाबून बघायचं. दोन्ही सारखीच घट्ट लागली की सुरू करायचं, त्याआधी नाही. सगळ्या कृतीत ही एक मिनिटाची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. लोणी पिठाहून कडक असलं तर आत त्याचे तुकडे पडतात, वरून बघितलं तरी सुकलेल्या शेताला भेगा पडाव्यात तसे दिसतात. मऊ असलं तर ते कडांमधून बाहेर येतं.

पीठ 17 बाय 34 सेंटिमीटर लाटा, अर्ध्या भागावर लोणी ठेवा, उरलेला अर्धा वरून पुस्तकासारखा मिटा आणि तिन्ही उघड्या कडा चिमटून बंद करा. आता लांबीकडे लाटत न्या, साधारण 45 सेंटिमीटरपर्यंत. लाटणं मागेपुढे घासू नका. आधी जागोजागी हलकं दाबा, मग एका दिशेने लाटा. वरचं जास्तीचं पीठ ब्रशने झटका आणि पत्राची घडी घालतो तशी तीन पदरी घडी घाला. ही पहिली घडी. गुंडाळून 45 मिनिटं फ्रिजमध्ये. परदेशी कृतींत अर्धा तास लिहिलेला असतो, तो त्यांच्या हवेसाठी.

पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजतो तेव्हा माझी पहिली घडी फ्रिजमध्ये असते. मी उंडे आणि पोळी हे त्याचे पाव घेते, चहा ठेवते आणि दुसऱ्या घडीला लागते. दर वेळी पीठ काटकोनात फिरवून लाटायचं, घडीची मिटलेली बाजू डाव्या हाताला, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखा ताण बसतो. अशा तीन घड्या. 3 गुणिले 3 गुणिले 3, म्हणजे लोण्याचे 27 पदर. चौथी घडी घालायचा मोह मला झाला होता. पदर इतके बारीक झाले की एकमेकांत मिसळूनच गेले.

मध्येच लोणी चमकायला लागलं, पिठाला तेलकट तकाकी आली, तर हात थांबवा. अर्धवट घडी असली तरी ट्रेसकट फ्रिजमध्ये ठेवा. जूनमध्ये पहिल्या विजांबरोबर आमच्याकडे वीज जाते, कधी दोन-दोन तास. त्या दिवसांसाठी मी मासे आणायच्या डब्यासारखाच, पण वेगळा, कोरा थर्माकोलचा डबा ठेवलाय. त्यात बर्फाच्या पिशव्या घातल्या की एक घडी निभावते.

घड्या चालू असतानाच सारण करून गार करायचं. डेन्मार्कमध्ये लोणी, साखर आणि बदाम एकत्र फेटून एक लेप करतात, त्याला रेमोन्स म्हणतात. मी बदामाऐवजी काजू घेते. 60 ग्रॅम काजूची पूड, 50 ग्रॅम पिठीसाखर, 50 ग्रॅम मऊ लोणी. हा लेप खाली लावला की वरच्या फळाचं पाणी पिठात उतरत नाही. त्यावर पेराद, म्हणजे पेरूची वडी, तिच्या बारीक पट्ट्या. ती आधीच आटवलेली असते, म्हणून ओव्हनमध्ये फार सुटत नाही. मानकुराद आंब्याचा गर घालायचा असेल तर मे महिन्यातच साखर घालून कढईचा तळ दिसेपर्यंत आटवा आणि डीप फ्रीजरमध्ये ठेवा. वेणी करा जुलैत. ताज्या आंब्याच्या फोडी घालू नका, खालचा पदर चिखल होतो.

तिसऱ्या घडीनंतर पिठाला पुरता तासभर विश्रांती. मग दोन भाग करा, एक फ्रिजमध्येच राहू दे. दुसरा बटर पेपरवर 30 बाय 22 सेंटिमीटर लाटा. उभे तीन पट्टे मनात आखा. मधला 8 सेंटिमीटरचा सारणासाठी, दोन्ही बाजूंचे 7-7 कापायला. बाजूंना दोन-दोन सेंटिमीटरवर तिरके काप द्या, वरून खाली आणि मध्याकडून बाहेर उतरते, माशाच्या काट्यांसारखे. नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, नागमोडी कातणं इथे वापरू नका, ते पदर दाबून एकमेकांना चिकटवतं. धारदार सुरी एकदाच वरून खाली दाबायची, ओढायची नाही. वरचे आणि खालचे कोपरे कापून टाका, मधली जीभ आत दुमडा, आणि मग एक पट्टी डावीकडून, एक उजवीकडून, सारणावर आडवी आणत या. प्रत्येक पट्टीचं टोक पुढच्या पट्टीखाली गेलं पाहिजे.

ही खरं तर तीन पेडांची वेणी नव्हे, जायांच्या फातीला, म्हणजे जाईच्या गजऱ्याला, जास्त जवळची आहे. माझी आजी दुपारी जायांच्या कळ्या घेऊन बसायची, श्रावण-भाद्रपदात तर ढीगच्या ढीग. आमच्या म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा असते तेव्हा घराघरात हेच काम. मी लहानपणी घट्ट गुंफायचे, फाती नीटस दिसावी म्हणून. ती सोडवायला लावायची. कळी अजून उमलायचीय, संध्याकाळी तिला जागा कुठून देशील, असं म्हणायची. पट्ट्या ओढून बसवल्या की मला तेच आठवतं, आणि मी त्या उचलून पुन्हा सैल ठेवते. पीठ अजून फुगायचंय. ताणलेली पट्टी ओव्हनमध्ये फाटते आणि सारण बाहेर येतं.

आता फुगवणं. पावासाठी आपण उबदार जागा शोधतो, इथे उलटं. 27 अंशांच्या वर गेलात की लोणी पाझरू लागतं. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत घरातला गार कोपरा पुरतो. बाकीच्या महिन्यांत मी एसी 26 वर लावून ट्रे निजायच्या खोलीत नेते, वर सैल प्लास्टिक. दीड ते दोन तास लागतात. झालं की नाही ते घड्याळावरून ठरवू नका. ट्रे हलकेच हलवला की वेणी थरथरली पाहिजे आणि कापलेल्या कडांवर पदर वेगवेगळे दिसले पाहिजेत. ओव्हनमध्ये घालण्याआधी दहा मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली तर लोणी सावरतं.

अंडं आणि चमचाभर दूध फेटून वरून हलक्या हाताने लावा. कापलेल्या कडांवरून ते ओघळू देऊ नका, वाळून पदरांना एकमेकांना चिकटवतं. आमच्याकडे सोमवारी अंडं चालत नाही, तेव्हा पिठात अंड्याऐवजी 45 मिलिलिटर दूध आणि 10 ग्रॅम लोणी जास्त घालते, वरून साखर घातलेलं दूध. रंग थोडा फिका येतो, चवीत मला फरक वाटत नाही.

ओटीजी, म्हणजे विजेचा घरगुती ओव्हन, 200 अंशांवर वीस मिनिटं तापवून घ्या. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, म्हणून खालची जाळी. 200 वर 10-12 मिनिटं, मग 180 वर आणखी 12 ते 15, मध्ये एकदा ट्रे फिरवून. सोनेरी रंगाला भुलून काढू नका. तळलेल्या नेवरीपेक्षा दोन छटा गडद, बुडाशीही तपकिरी, तेव्हा आतले पदर भाजलेले असतात. बाहेर आल्याबरोबर साखरेचा पातळ पाक ब्रशने लावा. पांढरं आयसिंग हवं असेल तर पूर्ण गार झाल्यावर आणि खायच्या दिवशीच, दमट हवेत त्याला पाणी सुटतं.

डेन्मार्कचे लोक स्वतः हिला डॅनिश म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेत ती व्हिएन्नाची भाकरी. 1850 साली तिथल्या बेकरीकामगारांनी संप केला, मालकांनी ऑस्ट्रियातून कारागीर आणले, आणि त्यांनी पदरांची ही रीत रुजवली असं सांगतात. पोर्तुगिजांबरोबर आलेला पाव पोदेराच्या भोंपूसकट आपला झालाय, त्यामुळे मला ही गोष्ट ओळखीची वाटते.

वेणी त्याच दिवशी खावी. पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत ती मऊ पडते, तेव्हा 160 अंशांवर पाच-सहा मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. कापलेले कोपरे फेकू नका, आणि मळून त्यांचा गोळाही करू नका, पदर मोडतात. एकावर एक रचून, साखर आणि वेलची भुरभुरून मफिनच्या साच्यात ठेवा. वेणीबरोबरच फुगवायचे आणि 180 वर पंधरा-वीस मिनिटं भाजायचे.