सोल्युबल सायटोकाइन रिसेप्टर पहिल्यांदा वापरणार असाल तर

इम्युनोलॉजीच्या लॅबमधे जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) म्हणून लागलात की कधी ना कधी रिकॉम्बिनंट (जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवलेल्या) सोल्युबल टीएनएफ रिसेप्टरची वायल (छोटी बाटली) हातात येतेच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रोटीनं, टीएनएफ आणि आयएल-६ ही त्यातलीच दोन; रिसेप्टर म्हणजे तो निरोप पकडणारं पेशीवरचं प्रोटीन, आणि सोल्युबल म्हणजे पेशीपासून सुटून द्रवात मोकळं फिरणारं.

पहिली गोष्ट, सोल्युबल रिसेप्टर म्हणजे ब्लॉकर (सायटोकाइनचा परिणाम अडवणारा) असं सरसकट धरू नका. टीएनएफच्या बाबतीत ते खरंय. पेशीवरचा रिसेप्टर एडॅम१७ नावाचं एन्झाइम कापतं, सुटलेला तुकडा टीएनएफला बाहेरच धरून ठेवतो, आणि इटानरसेप्ट हे औषध याच तत्त्वावर बनलंय, टीएनएफआर२ या टीएनएफ रिसेप्टरचे पेशीबाहेरचे दोन भाग आयजीजी१ अँटिबॉडीच्या एफसीला (शेपटीकडच्या भागाला) जोडून, १९९८ मधे अमेरिकेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी मंजूर झालं. पण आयएल-६ चा सोल्युबल रिसेप्टर बरोब्बर उलटा वागतो! तो आयएल-६ ला घेऊन जीपी१३० ला (निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रोटीनला) जाऊन चिकटतो, जीपी१३० तर जवळपास सगळ्याच पेशींवर असतं, मग ज्यांच्याकडे आयएल-६ चा रिसेप्टरच नाही त्या पेशीही प्रतिसाद द्यायला लागतात. याला ट्रान्स-सिग्नलिंग म्हणतात, आणि ते अडवायला सोल्युबल जीपी१३० लागतं. मला या विषयाची गोडी लागली ती इथेच.

आता वायल. पावडर बऱ्याचदा दिसतही नाही, झाकणाला चिकटलेली असू शकते, म्हणून उघडण्याआधी शॉर्ट स्पिन द्या, डेटाशीटमधे सांगितलेल्या बफरमधे हलक्या हाताने विरघळवा, व्हॉर्टेक्स नको, आणि लगेच छोटे अ‍ॅलिकॉट (एकेका वापरापुरते वाटे) करून डीप फ्रीझरला टाका, परत परत फ्रीझ-थॉ केलं की अ‍ॅक्टिव्हिटी जाते. रिसेप्टरला बायोटिनचं लेबल लावायचं असेल तर कॅरियर-फ्री (बीएसएसारखं भरीचं प्रोटीन न घातलेलं) मागवा, नाहीतर बायोटिन बीएसएलाच लागत बसतं.

एंडोटॉक्सिनचा (म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातल्या एलपीएसचा) आकडा मात्र ऑर्डर द्यायच्या आधीच बघा, विशेषतः प्रोटीन ई. कोलायमधे बनवलेलं असेल तर. मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पेशींवर) टाकायचंय आणि त्यात एलपीएस आहे, तर टीएलआर४ या एलपीएस ओळखणाऱ्या रिसेप्टरमधून त्या पेशी स्वतःच टीएनएफ बनवायला लागणार आणि तुम्ही ब्लॉकिंग कमी का दिसतंय म्हणून डोकं धरून बसणार.

नवीन लॉट आला की एल९२९ (उंदराच्या फायब्रोब्लास्ट) पेशींवर तपासून घ्या, डेटाशीटवरचा ईडी५० (अर्धा परिणाम दाखवणारा डोस) तुमच्या हातात तसाच येईल असं नाही. अ‍ॅक्टिनोमायसिन डी (नवीन आरएनए बनणं थांबवणारं औषध) सोबत टीएनएफ दिलं की या पेशी रातोरात मरतात. आधी टीएनएफचा असा डोस शोधा की बहुतेक पेशी मरतील पण सगळ्या नाही, मग तेवढंच टीएनएफ रिसेप्टरच्या वाढत्या डोससोबत थोडा वेळ आधी मिसळून ठेवून पेशींवर घाला. दुसऱ्या दिवशी क्रिस्टल व्हायोलेटने (तळाला चिकटून राहिलेल्या पेशींना लागणाऱ्या जांभळ्या रंगाने) रंगवलं की रिसेप्टर कमी असलेल्या वेल्स फिकट आणि पुढे गडद जांभळ्या होत गेलेल्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात, फार छान वाटतं बघायला.

एफसी-फ्यूजन आणि साधा मोनोमर यांची तुलना करताना नॅनोग्रॅम नाही, मोलर हिशोब धरा, आणि एफसीवाल्यासोबत नुसत्या एफसीचा कंट्रोल हवाच, कारण मॅक्रोफेजवर एफसी रिसेप्टर असतात.