तिरकिट अडकतं तेव्हा

‘माझा हातच जड आहे’ असं एकदा मनात बसलं की तबल्यावर तिरकिट (भरभर वाजवायचा चार अक्षरांचा बोल) मोकळं सुटत नाही. धास्तीने खांदा वर जातो, मनगट आवळतं आणि ‘र’ची तर्जनी दबून पडते. बोल चिकटतात ते तिथेच. मला लागू पडलेला उपाय: मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, एका मात्रेत म्हणजे एका ठोक्यात दोनच अक्षरं, ‘तिर’, मग ‘किट’. आधी तोंडाने म्हणायचं, मग हात. 10 मिनिटं स्वच्छ वाजलं तरच लय 4 ने वाढवायची, बिघडलं की 8 ने खाली. खाली येणं म्हणजे हरणं नव्हे, हे पटायलाच सर्वात जास्त वेळ लागतो. वहीत ‘वाईट वाजलं’ लिहू नये. ‘72 ला ट दबतो’ असं लिहिलं की उद्या काय करायचं ते कळतं.

पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते, स्वर उतरतो, चाट (पुडीची कड) बोथट वाजते. स्वतःला दोष देण्याआधी गजऱ्यावर (पुडीभोवतीची चामड्याची वेणी) वरून हातोडीने हलकं ठोकून सूर चढवा. आणि डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव ऐकून आल्या आल्या वेग गाठायला जाऊ नका. त्या रात्री नुसता तीनतालाचा ठेका (तालाचे मूळ बोल), 16 मात्रा, संथ.