जर्मनीत मास्टर्ससाठी विद्यापीठ निवडताना

जर्मनीला जाऊ इच्छिणारे बहुतेक विद्यार्थी जागतिक क्रमवारी समोर ठेवून विद्यापीठांची यादी करतात. माझ्या मते सुरुवात मोडुलहांडबुखपासून, म्हणजे प्रत्येक विषयात काय शिकवतात आणि त्याला किती श्रेयांक आहेत हे सांगणाऱ्या पुस्तिकेपासून करावी. डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम शोधला की तिथून विभागाच्या पानावर जाता येते आणि ही पुस्तिका व प्रवेशाचे नियम बहुधा तिथेच मिळतात. पदवीला गणिताचे किंवा प्रोग्रॅमिंगचे किमान अमुक श्रेयांक झालेले असावेत, अशी अट या नियमांत अनेकदा असते; त्यामुळे यांत्रिकी शाखेच्या हुशार पदवीधराचा डेटा सायन्सचा अर्ज उत्तम गुण असूनही नाकारला जाऊ शकतो. आपली गुणपत्रके आणि पदवीचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून एकेक विषय ताडून पाहावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते दुसऱ्या कोणावर सोपवू नये, कारण सल्ला देणाऱ्या काही केंद्रांना खासगी संस्थांकडून प्रवेशामागे मोबदला मिळत असतो.

आपले गुण जर्मन श्रेणीत बदलून पाहण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल १० आणि उत्तीर्णतेसाठी ४ अशी पद्धत असेल, तर ८ सीजीपीए म्हणजे २.० श्रेणी होते, तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर उत्तीर्ण.

खर्चाबाबत मात्र सावकाश विचार करावा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, केवळ सत्राचे अंशदान भरावे लागते, हे खरे आहे. परंतु श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही शहरे असलेल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रतिसत्र १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशाच नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी साधारणपणे प्रतिसत्र ४,००० ते ६,००० युरो शुल्क लावले आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. एवढ्यात म्युनिकमध्ये भाडे देऊन राहणे फार ओढाताणीचे होते, तर केमनित्स किंवा माग्डेबुर्गसारख्या शहरात ते जमू शकते. घरून कर्ज काढून जाणाऱ्याने शहराचे भाडे विद्यापीठाच्या नावाइतकेच गांभीर्याने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

पीएचडी करायची असेल तर उनिव्हर्सिटेट, म्हणजे संशोधनावर भर देणारे विद्यापीठ, आणि थेट उद्योगात जायचे असेल तर प्रकल्प व इंटर्नशिपवर भर देणारी होखशूल, म्हणजे उपयोजित विज्ञानांची उच्चशिक्षण संस्था, अधिक सोयीची पडते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी लहान शहरांत जर्मनशिवाय नोकरी मिळणे कठीण असते, म्हणून पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा अन्यत्र निदान बी१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत भाषा शिकून मगच निघावे.

भारतीयांना काही अपवाद वगळता नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे आणि ते हाती यायला वेळ लागतो, म्हणून यादी पक्की होण्याची वाट न पाहता त्याचा अर्ज आधीच करावा. अनेक विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. दहा अर्ज म्हणजे ३४५ युरो. विषय नीट ताडून पाहिलेले पाच-सहा अर्ज पुरेसे होतात. अर्ज पाठवण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमात सध्या शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला पुस्तिकेतील कोणते विषय या वर्षी खरोखर शिकवले गेले आणि वसतिगृहात खोली मिळायला किती महिने लागले, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.