दत्तक नोंदी सीलबंद असताना जन्मदात्यांचा शोध कसा घ्यावा

दत्तकविधानाच्या नोंदी सीलबंद आहेत असे उत्तर मिळाले, तरी ते किती जुने आहे हे आधी पाहावे, कारण कायदे बदलत असतात. इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्याने प्रौढ दत्तक व्यक्तींना मूळ जन्मनोंदीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मिळाला, तर न्यू यॉर्क राज्यात २०२० पासून अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना मूळ जन्मदाखला मागता येतो. दत्तकविधान जिथे झाले, तिथलाच कायदा सहसा लागू होतो.

नावे मिळणार नसली, तरी ओळख उघड न करणारी माहिती संस्थेकडून किंवा न्यायालयाकडून पुष्कळदा मिळते. ती लेखी अर्ज करून मागावी. जन्मदात्रीचे तेव्हाचे वय, भावंडांची संख्या, वडिलांचा व्यवसाय, आजार हे तपशील आज किरकोळ वाटतील, पण पुढे दोन बहिणींपैकी आपली आई कोणती, हे त्यांवरूनच ठरते. दोन्ही बाजूंच्या संमतीने नावे जुळवणाऱ्या नोंदवह्यांतही, उदाहरणार्थ १९७५ पासून चालणाऱ्या इंटरनॅशनल साउंडेक्स रियुनियन रजिस्ट्रीत, नाव घालून ठेवावे.

सर्वांत मोठा आधार मात्र डीएनए चाचणीचा. अ‍ॅन्सेस्ट्री ही चाचणी करणारी कंपनी इतर कंपन्यांच्या चाचण्यांचा डेटा स्वीकारत नाही, त्यामुळे चाचणी तिथे करून तीच फाइल नंतर जीईडीमॅचसारख्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली एकमेकींशी जुळवून पाहणाऱ्या संकेतस्थळावर चढवणे सोयीचे पडते. जुळणी, म्हणजे दोघांत किती डीएनए समान आहे ते, सेंटिमॉर्गन या एककात मोजतात: आई किंवा वडील असतील तर सुमारे ३,४००, सख्खे चुलत, आते वा मामेभावंड असेल तर सरासरी ८५०, आणि आई-वडिलांच्या चुलत, आते वा मामेभावंडाचे मूल असेल तर सुमारे २३०. साधारण १,७५० हा आकडा आई किंवा वडील यांपैकी एकच समान असलेल्या सावत्र भावंडाचा असू शकतो, आजीचा किंवा मावशीचाही. म्हणून वय पाहिल्याशिवाय नाते ठरवू नये. आई-वडील थेट क्वचितच सापडतात. आपल्याशी आणि एकमेकांशीही जुळणाऱ्या नातेवाइकांचे गट करावेत, प्रत्येक गटाचे समान पूर्वज शोधावेत आणि तिथून वंशवृक्ष खाली उतरवत आणावा; दोन घराण्यांचे वंशज ज्या गावी, ज्या वर्षी एकत्र आलेले दिसतात, तिथे उत्तर असण्याची शक्यता मोठी असते. या कामाला कधी काही महिने लागतात, कधी वर्षे.

नाव हाती आल्यावरच खरी काळजी घ्यावी लागते. जन्मदात्रीने ही गोष्ट घरात कोणालाच सांगितलेली नसेल, हे गृहीत धरावे. म्हणून तिच्या भावंडांना किंवा मुलांना आधी विचारू नये, समाजमाध्यमांवर उघड काही लिहू नये. तिला एकटीलाच, शक्य असल्यास प्रशिक्षित मध्यस्थामार्फत, छोटे पत्र पाठवावे. त्यात जन्मतारीख, आपण सुखरूप असल्याचे एक वाक्य आणि संपर्काचा पत्ता पुरेसा आहे. लिफाफ्यावर दत्तकाचा उल्लेख नको. नकार आला तर कुटुंबातील आजारांची माहिती एकदाच मागावी, आणि तो पत्ता मात्र पुढेही बदलू नये, कारण काही माता बऱ्याच काळाने उत्तर देतात.